नव्या आवृत्तीचा अंमल : एक प्रस्तावना

संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या श्रमांचा मोठा हिस्सा नवे काही लिहिण्यापेक्षा पूर्वी कोणी तरी लिहून ठेवलेले वाचण्यात, त्याचा अर्थ लावण्यात, त्यातील दोष काढण्यात आणि ते चालते ठेवण्यात खर्ची पडतो, ही गोष्ट त्या व्यवसायाबाहेरच्या सुशिक्षित वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा फार अधिक जगतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत कोबोल भाषेत लिहिलेल्या बँकांच्या व विमा कंपन्यांच्या प्रोग्रामांत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठवण्याचा शिरस्ता होता, कारण तेव्हा यंत्राची स्मृती महाग होती आणि ते प्रोग्राम शतक उलटेपर्यंत चालतील अशी कोणाची कल्पना नव्हती. ते चालले, आणि म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या दुरुस्तीचे अवाढव्य काम भारतातील कंपन्यांकडे आले आणि मुंबई-पुण्याच्या कितीएक मराठी तरुणांचा या क्षेत्रातील प्रवेश त्या दुरुस्तीच्या दाराने झाला.

प्रोग्राम असा चिवट, आणि ज्या भाषेत तो लिहिला गेला ती भाषा मात्र अखंड बदलणारी, या विसंगतीतून प्रस्तुत ग्रंथाचा विषय जन्मास आला आहे. जावाची नवी आवृत्ती २०१७ पासून दर सहा महिन्यांनी निघते. पायथॉनची आता दर वर्षी ऑक्टोबराच्या सुमारास येते. जावास्क्रिप्टचे प्रमाणक २०१५ पासून वर्षागणिक नवे होते. आणि या भाषांच्या आधाराने उभारलेल्या फ्रेमवर्कांची गती याहून कमी नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर काही सोयी नव्याने दाखल होतात, काही जुन्या रीती ‘डेप्रिकेटेड’ ठरतात, म्हणजे त्यांना मुदतीची नोटीस मिळते, आणि काही कायमच्या काढून टाकल्या जातात. नवी सोय कशी वापरावी हे सांगणारी पुस्तके विपुल आहेत. परंतु ती सोय आल्यामुळे सकाळी आपल्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या मनुष्याच्या कामात, त्याच्या आत्मविश्वासात आणि प्रसंगी त्याच्या उपजीविकेत कोणती उलथापालथ होते, याचा विचार क्वचितच होतो, आणि मराठीत तर तो फारच थोडा झाला आहे.

या विचारास आरंभ करताना जो निकष मला उपयोगी वाटत आला आहे तो येथेच नमूद करतो. कोणतीही नवी सोय पुढे आली की ती चांगली की वाईट असा मोघम प्रश्न विचारला जातो, त्याच्या उत्तरांतून वादाखेरीज फारसे काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी असे पाहावे, की ती सोय कोणाच्या स्मरणशक्तीवरचा भार यंत्राकडे सोपवते, आणि तिच्या अंमलबजावणीचा खर्च कोणाच्या खाती पडतो. लाभ एका ठिकाणी आणि खर्च दुसऱ्या ठिकाणी, असे या व्यवसायात वारंवार घडते, आणि ज्यांच्या माथी खर्च येतो त्यांना सोय ठरविण्याच्या सभेत बहुधा आसन नसते.

या दृष्टीने पाहता ज्या एका प्रकरणाचा अभ्यास प्रत्येक प्रोग्रामरने करावा असे मला वाटते, ते पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे झालेल्या संक्रमणाचे आहे. ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत असताना ग्वीदो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली आणि १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही भाषा वैज्ञानिकांपासून वेबसाइट चालविणाऱ्यांपर्यंत सर्वत्र रुजली होती, अशा वेळी, ३ डिसेंबर २००८ रोजी, तिची तिसरी आवृत्ती आली. आणि तिच्या कर्त्यांनी प्रथमपासूनच उघडपणे सांगितले होते की पूर्वीच्या चुका मुळातून सुधारता याव्यात म्हणून ही आवृत्ती जुन्या प्रोग्रामांशी जाणूनबुजून विसंगत ठेवली आहे. बदलांपैकी सर्वांत अधिक बोलबाला झाला तो ‘प्रिंट’चा, म्हणजे पडद्यावर मजकूर उमटविण्याची आज्ञा कंसाशिवाय चालत असे ती आता कंसांसह लिहावी लागणार याचा. वस्तुतः तो सर्वांत निरुपद्रवी बदल होता, कारण कंस घालायचे राहिले तर प्रोग्राम पहिल्याच क्षणी थांबून चुकीची ओळ दाखवतो, आणि जी चूक स्वतःहून हजर होते तिची भीती बाळगण्याचे कारण नसते.

खरी कसोटी पाहणारा बदल भागाकाराचा होता. जुन्या पायथॉनमध्ये सात या पूर्णांकाला दोनाने भागले असता उत्तर तीन येई, अपूर्णांक मुकाट्याने गळून पडे. नव्या पायथॉनमध्ये तेच उत्तर साडेतीन येते, आणि पूर्णांकी भागाकार हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. नवी रीत शाळेत शिकलेल्या गणिताशी जुळणारी आहे, त्यामुळे नवशिक्याची फसगत टळते, हे निर्विवाद. पण दहा वर्षांपूर्वी कोणी तरी लिहिलेल्या, हप्त्यांची विभागणी करणाऱ्या प्रोग्रामात ती एक तिरपी रेघ समोर आली म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने काय समजावे? मूळ लेखकाला अपूर्णांक गाळावयाचाच होता, की तो गळतो हे त्याच्या लक्षातच आले नव्हते? रेघ दोन्ही प्रसंगी सारखीच दिसते. तिच्यावर टिपण नसते; लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो; आणि प्रोग्राम तर थांबत नाही, तक्रार करीत नाही, फक्त उत्तर निराळे देतो. अशा हजारो ओळींतील प्रत्येक रेघेपाशी थांबून, मागचे पुढचे वाचून, त्या अनुपस्थित लेखकाचा हेतू ठरविणे हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल की ते काम लिखाणापेक्षा न्यायनिवाड्याला अधिक जवळचे असते. नवी रीत ऐच्छिक स्वरूपात वापरण्याची तरतूद २००१ सालच्या २.२ या आवृत्तीपासूनच केलेली होती, हे भाषेच्या कर्त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण चालू असलेल्या कारभारात, निकड नसताना, अशी ऐच्छिक शिस्त स्वीकारण्यास सवड कोणाला असते?

असाच आणखी एक बदल तुलनेचा. रिकामे मूल्य आणि संख्या यांची तुलना जुन्या पायथॉनमध्ये चालत असे, व रिकामे मूल्य सर्वांत लहान मानले जाई; नव्या आवृत्तीत अशी तुलना करताच प्रोग्राम थांबतो. वर्षानुवर्षे ज्या यादीत काही रकाने रिकामे होते आणि तरीही जी बिनतक्रार क्रमवार लावली जात होती, ती यादी नव्या आवृत्तीचा अंमल सुरू होताच अडून बसे. दोष जुनाच होता, तो केवळ उघडकीस आला, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. परंतु तो उघडकीस आला तो आवृत्ती बदलण्याच्या दिवशी आणि आवृत्ती बदलणाऱ्याच्या हातून, आणि वरिष्ठांच्या दप्तरी त्याची नोंद त्याच्याच नावावर झाली.

आता त्या बदलाकडे येतो की ज्याच्यासाठी हे सारे संक्रमण मुख्यतः घडले आणि ज्याच्याशी आपला, देवनागरीत लिहिणाऱ्यांचा, सरळ संबंध आहे. जुन्या पायथॉनमध्ये मजकुराची साधी स्ट्रिंग म्हणजे प्रत्यक्षात बाइटांची मालिका असे. इंग्रजी मजकुरात एक अक्षर एका बाइटात मावते, त्यामुळे बाइट आणि अक्षर यांतील भेद इंग्रजीत काम करणाऱ्यास आयुष्यभर जाणवला नसता तरी चालण्यासारखे होते. पण ‘मराठी’ हा शब्द घ्या. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी युनिकोडच्या हिशेबाने त्यात पाच चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणून जुन्या पायथॉनला या शब्दाची लांबी विचारली तर तो पंधरा सांगे. त्यातील पहिली चार ‘अक्षरे’ मागितली तर अख्खा म आणि र चा पहिला तृतीयांश एवढे हाती येई, आणि पडद्यावर म पुढे एक निरर्थक चौकट उमटे. याहून दुर्धर प्रकार असा, की बाइटांची स्ट्रिंग आणि युनिकोडची स्ट्रिंग यांची बेरीज केली असता जुना पायथॉन आपल्या मनाने रूपांतर करू पाही; मजकूर इंग्रजी असेल तर ते निभावून जाई, आणि देवनागरी असेल तर पहिल्याच बाइटाशी, ज्याचे मूल्य २२४ असते, तो अडखळे, कारण ॲस्कीची हद्द १२७ पाशी संपते. परिणामी रोमन लिपीतील नावे भरून तपासलेला आणि सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झालेला प्रोग्राम ज्या दिवशी कोणी आपले नाव देवनागरीत लिही त्या दिवशी कोसळे. आणि ज्याच्या नावाने तो कोसळला त्या माणसाची समजूत अशी होई की आपल्या भाषेतच काही तरी अडचणीचे आहे.

तिसऱ्या आवृत्तीने हा संभ्रम मुळापासून तोडला. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट; दोहोंची सरमिसळ केली की ताबडतोब चूक, मग मजकूर इंग्रजी असो वा मराठी. इंग्रजी भाषिक प्रोग्रामरांपैकी अनेकांना ही नसती कटकट वाटली, आणि त्यांच्या दृष्टीने ते समजण्याजोगे होते, कारण जो रोग त्यांना कधी झाला नव्हता त्याचे औषध त्यांना घ्यावे लागत होते. काहींची तक्रार तर सर्वस्वी रास्त होती. मर्क्युरिअल या साधनाला फाइलींची नावे आणि त्यांतील मजकूर जसाच्या तसा, बाइटास बाइट, सांभाळावा लागतो, आणि युनिक्समध्ये फाइलीचे नाव ही मुळात बाइटांचीच मालिका असते; अशांना प्रत्येक स्ट्रिंग मजकूर मानण्याचा आग्रह जाचक झाला. तथापि देवनागरी, तमिळ, अरबी, जपानी लिहिणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या दृष्टीने पाहिले तर या बदलाने एक जुना अन्याय दूर केला, असेच मी म्हणेन. त्याचा खर्च मात्र ज्यांनी अन्याय केला नव्हता अशा दुरुस्तीकामगारांनी सोसला, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे.

आणि तो खर्च आवश्यकतेपेक्षा पुष्कळ अधिक झाला, कारण जुन्यातून नव्याकडे जाण्याच्या वाटेचा विचार प्रारंभी पुरेसा झाला नव्हता. ‘टू-टू-थ्री’ नावाच्या साधनाने जुना प्रोग्राम एकदाच नव्या रूपात बदलून घ्यावा आणि पुढे चालावे, अशी कल्पना होती. व्यवहारात कोणालाच एकदम पुढे जाता येईना. माझा प्रोग्राम ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती अद्याप जुन्यावर. ती लायब्ररी दुसऱ्या एकीसाठी खोळंबलेली. आणि लायब्ररी लिहिणारे म्हणणार की आमचे वापरकर्ते जुन्यावर आहेत तोवर आम्ही जुने कसे सोडावे? सर्वांनाच हवी होती ती एकच प्रत दोन्ही आवृत्त्यांवर चालण्याची मुभा. ती भाषेने दिली नाही, तेव्हा ‘सिक्स’ सारख्या लहानशा लायब्रऱ्यांनी दिली; मग २०१२ साली ३.३ या आवृत्तीत युनिकोड स्ट्रिंगेपुढचे ‘यू’ हे जुने, आता निरर्थक झालेले उपपद केवळ संक्रमण सुकर व्हावे म्हणून परत मान्य करण्यात आले, आणि २०१५ मध्ये ३.५ ने बाइटांच्या मालिकेत मूल्ये भरण्याची काढून टाकलेली जुनी रीत पुन्हा बहाल केली. काढून घेतलेले असे परत द्यावे लागणे हीच प्रारंभीच्या योजनेतील उणिवेची कबुली होय, आणि ती त्या लोकांनी मोकळेपणाने दिली याचा मी आदर करतो. जुन्या २.७ या आवृत्तीचा अंमल २०१५ मध्ये संपावयाचा होता, त्यास २०२० पर्यंत मुदतवाढ मिळाली. जँगो या फ्रेमवर्कने २०१७ च्या डिसेंबरात आपल्या २.० या आवृत्तीपासून जुन्या पायथॉनची साथ सोडली, इन्स्टाग्रामने त्याच वर्षी, कामाची वेगळी शाखा न काढता, रोजचा कारभार चालू ठेवूनच आपला प्रचंड प्रोग्राम नव्यावर नेल्याचे जाहीर केले, आणि २.७ ची अखेरची आवृत्ती २०२० च्या एप्रिलमध्ये निघाली. अकरा वर्षांहून अधिक काळ एक भाषा दोन भाषा होऊन नांदली.

याच्या उलट टोकास जावा उभी आहे. २०१४ च्या मार्च महिन्यात आलेल्या तिच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आणि स्ट्रीम ही नवी शैली दाखल झाली, व त्यासाठी ‘कलेक्शन’ या इंटरफेसमध्ये एक नवे मेथड घालणे प्राप्त होते. इंटरफेस म्हणजे करारपत्र. त्यात एक कलम वाढविले की तो करार पाळणारे जगभरचे सर्व क्लास, जे १९९८ पासून लिहिले जात होते, एका रात्रीत करारभंग करणारे ठरले असते. म्हणून जावाच्या कर्त्यांनी प्रथम ‘डीफॉल्ट मेथड’ ही स्वतंत्र सोय भाषेत आणली, जिच्या योगे नव्या कलमाबरोबरच त्याची तयार अंमलबजावणीही देता येते, आणि ज्यांना त्या कलमाची वार्ताही नव्हती त्यांचे जुने क्लास जसेच्या तसे चालत राहिले. भाषेच्या इतिहासात मला याहून अधिक विचारी असे पाऊल फारसे आढळलेले नाही. अर्थात ही सावधगिरीही फुकट मिळत नाही. २००४ साली जेनेरिक्स आले तेव्हा जुन्या आणि नव्या प्रोग्रामांना एकमेकांशी देवाणघेवाण करता यावी म्हणून त्यांतील प्रकाराची माहिती भाषांतराच्या वेळीच पुसून टाकण्याचे ठरले, आणि त्या एका निर्णयामुळे चालू प्रोग्रामास ‘ही यादी कशाची?’ असे विचारता न येण्याची गैरसोय जावाचे लोक आजतागायत सोशीत आहेत. पायथॉनने एका पिढीवर भार टाकून पुढच्या पिढ्यांना मोकळे केले. जावाने त्या पिढीस वाचवून तोच भार हप्त्याहप्त्याने सर्व पिढ्यांवर वाटून दिला.

या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच वाटा आहेत, त्यांचा परामर्श ग्रंथात यथास्थळ येईल. रस्टमध्ये प्रत्येक पॅकेज आपली ‘एडिशन’ स्वतः घोषित करते आणि निरनिराळ्या एडिशनांची पॅकेजे एकत्र नांदतात. जावास्क्रिप्टच्या समितीने तर २०१८ मध्ये, मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर उभ्या असलेल्या वेबसाइटी मोडतील एवढ्या कारणास्तव, एका नव्या मेथडचे ‘फ्लॅटन’ हे ठरलेले नाव सोडून ‘फ्लॅट’ हे नाव पत्करले. कोणी कोठे तरी विसरून गेलेल्या पानाची एवढी पत्रास बाळगणे काहींना हास्यास्पद वाटले. मला त्यात जबाबदारीची फार प्रगल्भ जाणीव दिसते.

फ्रेमवर्कांच्या बाबतीत अशी जाणीव त्या मानाने विरळ. गूगलचे अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क शिकून असंख्य तरुणांनी आपली उमेदवारी पुरी केली, त्याच्या ‘स्कोप’ आणि ‘कंट्रोलर’ या संकल्पनांवर प्रभुत्व मिळविले, मुलाखती दिल्या, संघ उभारले. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले की दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही संकल्पना असणार नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरात ती आवृत्ती आली तेव्हा ती टाइपस्क्रिप्टवर बेतलेले एक निराळेच फ्रेमवर्क होती. दोन्ही शेजारी शेजारी चालविण्याची व्यवस्था पुढे करण्यात आली आणि जुन्याचे समर्थन २०२१ च्या अखेरपर्यंत चालू ठेवण्यात आले, एवढे श्रेय गूगलला दिले पाहिजे. परंतु येथे केवळ प्रोग्रामांचे नुकसान झाले नाही. ज्ञान ही या व्यवसायातील मनुष्याची एकमेव मिळकत. ती ज्या चलनात साठविली ते चलनच बाद झाले म्हणजे पस्तिशीतल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाच्या मनाची काय अवस्था होते, हे मी हिंजवडीच्या आणि अंधेरीच्या कचेऱ्यांतून पाहिले आहे. काल ज्याला सगळे विचारीत त्याला आज कालच्या उमेदवाराबरोबर पहिल्या धड्यापासून बसावे लागते. त्याचे खोलवरचे ज्ञान, म्हणजे दोष कसा शोधावा, गुंता कोठे होईल हे आधीच कसे ओळखावे, ते काही नष्ट होत नाही. पण भरतीच्या जाहिरातीत त्या ज्ञानासाठी रकाना नसतो, तेथे फ्रेमवर्कचे नाव आणि आवृत्ती विचारली जाते.

रिॲक्टने २०१९ च्या फेब्रुवारीत ‘हुक्स’ आणले तेव्हा जुनी क्लासांची रीत काढून टाकण्याचा विचार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि ते वचन पाळले. तरीही त्याचा एक परिणाम असा झाला की एकाच प्रोग्रामात अर्धी पाने क्लासांची आणि अर्धी हुकांची, अशी दुभाषी स्थिती अनेक ठिकाणी उत्पन्न झाली, आणि नव्याने येणाऱ्यास दोन्ही शिकावे लागू लागले. शिवाय हुक्सनी क्लासांतील एक किचकट पथ्य संपविले खरे, पण त्याच्या जागी दुसरे दिले: हुक अटीच्या आत बोलवावयाचा नाही, कारण रिॲक्ट त्यांना केवळ बोलावण्याच्या क्रमावरून ओळखते, आणि इफेक्ट ज्या मूल्यांवर अवलंबून आहे त्यांतील एक जरी यादीत घालायचे राहिले तरी पडद्यावर शिळे मूल्य दिसत राहते. हा नियम जावास्क्रिप्ट भाषेला ठाऊक नाही. तो तपासणाऱ्या वेगळ्या साधनाने किंवा माणसाने लक्षात ठेवावा लागतो. येथे भार यंत्राकडे गेला नाही, तो केवळ एका आठवणीवरून दुसरीवर आला.

याच्याशी कोटलिनची तुलना करावी. टोनी होर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेत ‘नल’ संदर्भाची योजना केली, आणि २००९ मधील एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच तिला आपली शंभर कोटी डॉलरांची चूक म्हटले. कारण वस्तू असेल असे समजून तिच्याकडे जावे आणि ती नसावी, या एका प्रकाराने अगणित प्रोग्राम कोसळले. कोटलिनमध्ये जे मूल्य रिकामे असू शकते त्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लिहावे लागते, आणि ते रिकामे आहे की नाही हे पाहिल्याखेरीज त्याचा वापर कंपायलर होऊच देत नाही. २०१७ साली गूगलने अँड्रॉइडसाठी या भाषेस अधिकृत मान्यता दिली तेव्हा जावात अनेक वर्षे घालविलेल्या लोकांना ते प्रश्नचिन्ह प्रथम टोचले. पण काही महिन्यांच्या सरावानंतर, रात्री-अपरात्री येणारे एका विशिष्ट जातीचे फोन बंद झाले आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. शिवाय कोटलिन आणि जावा एकाच प्रोग्रामात, फाइलीगणिक, बरोबर राहू शकतात. त्यामुळे ज्याला जेवढी सवड तेवढे त्याने बदलावे. लाभ आणि खर्च दोन्ही एकाच माणसाच्या पदरात, आणि खर्च त्याच्या सोयीच्या मुदतीने, असा हा विरळा योग आहे.

भारतातील, आणि विशेषतः मुंबई-पुण्यातील, आपल्या लोकांच्या दृष्टीने हा विषय अधिकच महत्त्वाचा असण्याचे कारण उघड आहे. परदेशातील ग्राहकांचे पूर्वी लिहिलेले प्रोग्राम सांभाळणे हा येथील कामाचा फार मोठा भाग आहे, आणि सांभाळणाऱ्याला भाषेची आवृत्ती निवडण्याचा अधिकार सहसा नसतो. ग्राहकास आवृत्ती बदलण्याचा खर्च मंजूर करणे जड जाते, कारण त्यातून पडद्यावर नवे काही दिसत नाही. मंजुरी पुढे ढकलत ढकलत समर्थनाची मुदत संपते, मग सुरक्षेचा तगादा लागतो, आणि वर्षाचे काम तिमाहीत करावे असा हुकूम निघतो. त्या घाईत चाचण्या लिहिल्या जात नाहीत, आणि भागाकाराच्या ज्या रेघेविषयी मी वर लिहिले तिच्यासारख्या जागा तशाच निसटून जातात. माझे आग्रहाचे म्हणणे असे की आवृत्ती बदलणे हे स्वतंत्र अंदाजपत्रकाचे, स्वतंत्र वेळापत्रकाचे आणि अनुभवी माणसांचे काम मानले पाहिजे; ते नवख्यांच्या अंगावर, इतर कामे सांभाळून करावयाचे म्हणून, टाकू नये, आणि जो ते नीट पार पाडतो त्याच्या श्रमाची नोंद बढतीच्या वेळी नवे काही घडविणाऱ्याच्या बरोबरीने व्हावी.

प्रोग्रामर बदलास विरोध करतात असा एक प्रवाद आहे, तो मला अपुरा वाटतो. २०१८ साली पायथॉनमध्ये मूल्य ठेवण्याचे एक नवे चिन्ह घ्यावे की नाही यावर एवढा तीव्र वाद झाला की तो संपताच व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाचे आपले पद सोडले, आणि पुढे निवडलेल्या मंडळाकडे तो अधिकार गेला. बाहेरच्यास हा अतिरेक वाटेल. पण रोज ज्या लिपीत विचार करावयाचा तिच्यात एक चिन्ह वाढणे ही, ती वाचणाऱ्यास, उपेक्षणीय गोष्ट नसते. आणि वाद घालणाऱ्यांत असे पुष्कळ होते की ज्यांना ते चिन्ह स्वतः वापरावयाचे नव्हते, परंतु दुसऱ्यांनी वापरलेले आयुष्यभर वाचावयाचे होते.

ग्रंथाचे अखेरचे प्रकरण पुन्हा देवनागरीकडे वळते, कारण तेथील काम अजून चालू आहे. नव्या पायथॉननेही ‘मराठी’ची लांबी पाच सांगितली, तीन नव्हे, आपला वाचक मात्र म, रा, ठी अशी तीनच अक्षरे मोजतो. वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांचे गट कसे पाडावेत याचे नियम युनिकोडने वेगळे दिलेले आहेत, आणि २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत त्या नियमांत हलन्तानंतर गट तुटत असे. त्यामुळे दहा चिन्हांच्या ‘विद्यार्थी’ या शब्दाचे वि, द्, या, र्, थी असे पाच तुकडे होत. नव्या नियमाने जोडाक्षर अखंड राहते आणि वि, द्या, र्थी असे तीनच गट पडतात. नवी मोजणी बिनचूक आहे आणि ती आपल्याला हवीच होती. पण एखाद्या अर्जात नावाच्या रकान्याची मर्यादा या मोजणीवर बेतलेली असेल, तर सर्व्हरवर नवी लायब्ररी आणि अर्जदाराच्या फोनवर जुनी अशी स्थिती असेतो तेच नाव एका ठिकाणी बसेल आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारले जाईल, आणि इंग्रजी नावांनी केलेल्या कोणत्याही चाचणीत हे दिसणार नाही. म्हणून त्या प्रकरणातील चाचण्यांसाठी ‘विद्यार्थी’, ‘क्षत्रिय’, ‘स्वातंत्र्य’ असे जोडाक्षरांचे शब्द घेतले आहेत. वाचकाने त्यांच्या जोडीला आपले आडनाव आणि आपल्या गावाचे नाव घालून त्या आपल्या यंत्रावर चालवून पाहाव्यात.